शिगूच्या वळणावर निमकरबाई

निमकरबाईंच्या घरात डावं-उजवं नव्हतं, फक्त दिशा होत्या.

"वर्षा, साखरेचा डबा फडताळाच्या वायव्य कोपऱ्यात आहे बघ," असं त्या मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या. सिंगापूरच्या मरीन परेड भागातल्या, बाराव्या मजल्यावरच्या त्या एवढ्याशा स्वयंपाकघरात उत्तर कुठे असेल याचा विचार करत मी नुसतीच उभी राहिले.

"खिडकीतून समुद्र दिसतोय ना, ती दक्षिण. आता सांग."

मी बिचकत हात घातला तो तिखटाच्या डब्यावर पडला.

"हा नैर्ऋत्य. बीकॉम झालीस ना तू? नववीचं मात्र सगळं विसरलीस."

ही दोन हजार सहामधली गोष्ट. आनंद, माझा नवरा, आंग मो किओमधल्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत इंजिनीअर होता, मी एका ऑफिसात अकाउंट्स बघत होते, आणि आम्ही त्याच इमारतीत नवव्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. बाई कऱ्हाडला मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झाल्या होत्या. यजमान गेल्यावर मिलिंदने, त्यांच्या एकुलत्या एका मुलाने, त्यांना सिंगापूरला आणलं. तो बँकेत मोठ्या हुद्द्यावर होता. बाईंची उंची जेमतेम पाच फूट, सुती साडी, साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा. लिफ्टमध्ये त्या बोलू लागल्या की दोन मजले खाली वाट बघणाऱ्यांना कळायचं की बाई येतायत.

बोलताना त्या कधी समोरच्याच्या डोळ्यांत बघत नसत. मान किंचित तिरकी करून तुमच्या कानाच्या पलीकडे कुठेतरी बघत. मागच्या बाकांवर नजर ठेवायची जुनी सवय असेल, असं मी धरून चालले होते.

एका रविवारी पोहे खाता खाता आनंदने सहज विचारलं, "बाई, यांगत्से नेमकी कुठून निघते हो?" बस. बाईंनी बशी बाजूला सारली, वर्तमानपत्राचं पान उलटं केलं आणि जाड स्केचपेनने बघता बघता अर्धा आशिया काढला. समोर काही नव्हतं, ना पुस्तक ना नकाशा.

"तिबेटातून तीन नद्या शेजारी शेजारी उतरतात. साल्विन, मेकाँग आणि यांगत्से. मध्ये फक्त डोंगरांच्या भिंती. तिघींची तोंडं दक्षिणेला. पहिल्या दोघी तशाच खाली जातात, एक ब्रह्मदेशात, एक व्हिएतनामला. तिसरी युनान प्रांतात शिगू नावाच्या खेड्यापाशी येते आणि वळते. उलटी, ईशान्येला!" स्केचपेन कर्रकन कोनात फिरलं. "ती वळली नसती तर निम्मा चीन कोरडा राहिला असता. हा कोपरा मी एकतीस वर्षं फळ्यावर काढला."

"तुम्ही पाहिलाय?" आनंदने विचारलं.

"नाही. पाहणार आहे."

उद्या सोमवार आहे, असं सांगावं तसं त्या म्हणाल्या.

बाईंची सिंगापुरातली एकमेव मैत्रीण म्हणजे गोह आंटी. ती तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. साठी उलटलेली, कपड्यांच्या दुकानातून निवृत्त झालेली, कुरळे केस आणि कायम फुलाफुलांचा ब्लाउज. दोघी रोज सकाळी ईस्ट कोस्टच्या समुद्रावर फिरायला जायच्या. बाईंचं इंग्रजी पाठ्यपुस्तकातलं, आंटीचं सिंगापूरचं. तरी दीड तास दोघींची तोंडं बंद नसायची. त्यातच बाईंनी आंटीकडून चिनी शिकायला घेतलं. शिगूला जायचं तर तिथली भाषा यायला हवी, असा त्यांचा साधा हिशेब होता.

शिकणं पण बाईंच्या पद्धतीचं. आंटीने त्यांना 'मी शाकाहारी आहे' हे वाक्य शिकवलं. चिनीत ते 'मी सू खाते' असं म्हणतात. आता इथली बरीच माणसं 'श'चा 'स' करतात हे बाईंनी आधीच हेरून ठेवलेलं. मग त्यांनी आंटीचा उच्चार परस्पर सुधारला आणि खाण्याच्या गाड्यांच्या हॉकर सेंटरमध्ये भाताच्या गाड्यावर ठणठणीत आवाजात सांगितलं, 'शू'. गाडेवाला झारा हातात धरून बघतच राहिला. आंटी पोट धरून हसत सुटली. 'शू' म्हणजे पुस्तक; बाईंनी त्याला सांगितलं होतं, मी पुस्तकं खाते.

"टीचर ईट बुक," डोळे पुसत आंटी म्हणाली, "करेक्ट वॉट!"

बाई हसल्या नाहीत. घरी येऊन त्यांनी तो शब्द शंभर वेळा म्हटला. दुसऱ्या दिवशी त्याच गाड्यावर, त्याच माणसाला, तेच वाक्य बिनचूक म्हणून दाखवलं आणि मगच भात घेतला.

पुढच्या वर्षी जूनच्या सुट्टीत जायचं ठरलं. बाई, गोह आंटी, आनंद आणि मी. कुनमिंगला विमानाने, तिथून लिजियांग, आणि लिजियांगहून गाडी करून शिगू. मार्चमध्ये मिलिंदला हे कळलं तेव्हा मी तिथेच होते.

"आई, तुझं वय काय, गुडघे काय! चीन बघायचाय ना? मी डिसेंबरात बीजिंगला नेतो. चांगलं हॉटेल, चांगली टूर."

"मला बीजिंग नको. मला शिगू बघायचंय."

"काय आहे तिथे? एक नदी आणि एक खेडं! पुढच्या वर्षी जाऊ, मी स्वतः येतो."

"पुढच्या वर्षी नाही," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण त्या एका वाक्यापुढे मिलिंदने हात टेकले. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "वर्षा, तुझ्या भरवशावर पाठवतोय. काही झालं तर लगेच फोन कर." मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी लिफ्ट सोडली. रोज सकाळी तळमजल्यापासून बाराव्या मजल्यापर्यंत जिना. पहिल्या आठवड्यात पाचव्या मजल्यावर थांबायच्या, मग आठव्या, मग कुठेच नाही. ऑफिसला निघताना जिन्यात त्यांच्या बुटांचा आवाज यायचा. सावकाश, सारख्या अंतराने, कठडा घट्ट धरून त्या चढत असायच्या. मला कौतुक वाटायचं. त्या कठडा इतका घट्ट का धरतात हे मात्र मी कधी विचारलं नाही.

ते कळलं लिजियांगला. सकाळी गेस्टहाउसच्या अंगणात आम्ही नाश्त्याला बसलो होतो. समोर बर्फाचा डोंगर, दगडी गल्लीतून वाहणारं पाणी, आनंद फोटो काढण्यात गुंग. बाईंनी किटली उचलली आणि चहा कपाच्या बाजूला, सरळ टेबलावर ओतला. गोह आंटीने कप धारेखाली सरकवला. हे तिने पहिल्यांदा केलेलं नव्हतं, हे त्या सरकवण्यातच दिसत होतं.

मी बाईंकडे बघितलं. त्यांना ते कळलं असावं.

"मधलं जातंय," त्या शांतपणे म्हणाल्या. "दोन्ही डोळ्यांचं. पडद्याच्या मध्यावर डाग पडत चाललाय, कडा शाबूत आहेत. तुझ्याकडे सरळ बघितलं तर तुझा चेहरा जातो. कानाकडे बघितलं तर थोडा दिसतो. डॉक्टर म्हणाले, यावर औषध नाही. वर्ष, दीड वर्ष, मग कडाही अंधुक होतील."

"मिलिंदला..."

"माहीत नाही. गोहला माहीत आहे, तीच यायची माझ्याबरोबर डॉक्टरकडे."

वर्षभर मी ज्याला शिक्षकी सवय समजत होते, ते हे होतं. आणि मिलिंदला दिलेला शब्द आठवला. "बाई, मला त्याला फोन करावा लागेल."

"कर ना. जरूर कर. शिगूहून परत आल्यावर कर."

"आणि तिथे पाय घसरला तर?"

"तर घसरला म्हणून सांग." त्यांनी आपला हात माझ्या हातावर ठेवला. "वर्षा, मी मुलींना शिकवलेलं सगळं पुस्तकातलं होतं. ब्राझील, नाईल, सैबेरिया, मी काही काही पाहिलेलं नाही. त्यातलं एक तरी स्वतःच्या डोळ्यांनी बघून मग हे डोळे जाऊ देत. आज फोन केलास तर मिलिंद मला इथून उचलून नेईल, तुलाही माहीत आहे."

आनंद खोलीत मला म्हणाला, हे बरोबर नाही, धोका आहे, आपण परत जाऊ. तो चूक नव्हता. मी फोन हातात घेऊन बराच वेळ बसले, आणि शेवटी पर्समध्ये ठेवून दिला. तो निर्णय माझा होता.

आमचा ड्रायव्हर ली नावाचा तरुण होता. त्याची पहिली इच्छा आम्हाला चांदीच्या दुकानात न्यायची होती, दुसरी रेशमाच्या. दोन्ही इच्छा गोह आंटीने चिनीतून मोडून काढल्या. डोंगर उतरून आम्ही नदीच्या खोऱ्यात आलो आणि शिगू पाच किलोमीटरवर असताना गाडी थांबली. रात्रीच्या पावसाने दरड कोसळली होती. रस्त्यावर माती आणि दगडांचा ढीग, पलीकडे बुलडोझर घरघरतोय. लीने हात झाडले. संध्याकाळपर्यंत उघडणार नाही, परत चला.

बाई खाली उतरल्या. ढिगाऱ्यावरून पाठीला टोपल्या बांधलेल्या बायका ये-जा करत होत्या. पायांचे आवाज, बोलणं, टोपल्यांची करकर. बाईंनी कान देऊन ऐकलं.

"ही माणसं जातायत ना?"

"हो, पण..."

"मग रस्ता आहे."

एक म्हातारी जवळून जात होती. बाईंनी तिला थांबवून चिनीत विचारलं, शिगू किती लांब? म्हातारी आधी बाईंच्या साडीकडे बघत राहिली, मग भराभर काहीतरी सांगू लागली. आंटीने सांगितलं, ढिगाऱ्यापलीकडे ट्रॅक्टर उभा आहे, तो गावात सोडतो. पण लीने बजावलं, "पाच वाजता इथे या. नाही आलात तर मी निघालो."

आता प्रश्न होता दोनशे पावलांच्या त्या ढिगाऱ्याचा. मातीचा रंग एक, दगडांचा रंग एक, बाईंना त्यात काहीच वेगळं दिसेना. त्यांचा पाय पहिल्याच दगडावर मुडपला. मी दंड धरला, तर त्यांनी तो सोडवला. "तू धरलंस की मला माझा तोल कळत नाही." मग गोह आंटीने आपल्या पिशवीतून पांढरा टॉवेल काढला, सेफ्टीपिनांनी आनंदच्या शर्टाच्या पाठीवर टाचला आणि त्याला पुढे ढकललं. "यू वॉक स्लो-स्लो. शी फॉलो व्हाइट." सकाळी परत जाऊ म्हणणारा माझा नवरा पाठीवर टॉवेल लावून एकेक पाऊल टाकत, "इथे उंच दगड आहे, बाई. इथे चिखल," असं ओरडत निघाला. त्याच्या मागे बाई, मान तिरकी करून तो पांढरा चौकोन नजरेच्या कडेला धरून. मी आणि आंटी मागे. अर्ध्यावर त्या एकदा गुडघ्यांवर आदळल्या. तळहात सोलला. उठल्या, हात साडीला पुसला, आणि म्हणाल्या, "चल आनंद, थांबू नकोस."

शिगूला पोचलो तेव्हा दीड वाजला होता. वळण दिसतं ते गावामागच्या टेकडीवरून. वर जायला दगडी पायऱ्या. त्यांची बाईंना भीती नव्हती, तीन महिने त्या दुसरं काय करत होत्या! वर पोचल्यावर समजलं की खोऱ्यात ढग भरलेत. दहा फुटांवरचं झाड दिसत होतं, त्यापुढे सगळं पांढरं.

अडीच वाजले. तीन वाजले. आनंद घड्याळ बघत होता. परतीचा ट्रॅक्टर, ढिगारा, पाच वाजता जाणारा ली. मी हळूच म्हटलं, "बाई, साडेतीनच्या पुढे थांबता येणार नाही."

"बस गं. नदी कुठे पळून जात नाही."

त्या दगडी बाकावर ताठ बसल्या होत्या, हात मांडीवर. आंटीने सोललेल्या तळहाताला मलम लावलं, त्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं. मी मनातल्या मनात कुठल्या कुठल्या देवांना आळवत होते.

सव्वातीनच्या सुमाराला वारा सुटला. ढग खालून विरळ होऊ लागले. आधी पलीकडचा डोंगर दिसला, मग शेतांचे हिरवे पट्टे, आणि मग, माझ्या आयुष्यात मी इतकं मोठं पाणी इतक्या शांतपणे वळताना पाहिलं नव्हतं. तांबूस, रुंद, मोकळं.

बाई उभ्या राहिल्या. सरळ समोर बघितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"कुठे आहे?"

"ही बघा ना, डावीकडून..."

"दिशा सांग, वर्षा!"

"वायव्येकडून येतेय. आपल्यासमोर येऊन वळतेय. आणि... आणि ईशान्येला जातेय, बाई."

त्यांनी दोन-तीनदा मान हलवली. मग नदीकडे बघायचंच सोडलं. चेहरा पूर्ण फिरवून बाजूच्या टेकडीकडे वळवला आणि तसंच, सावकाश, इंच इंच मान फिरवत राहिल्या. एका ठिकाणी मान थांबली. नदी आता त्यांच्या नजरेच्या कडेला आली असणार. बराच वेळ त्या हलल्या नाहीत.

"अगं," त्या म्हणाल्या, "ही गोल आहे!"

"काय?"

"मी कोपरा काढत होते. कोपरा नाहीये हा. केवढी ऐसपैस, सावकाश वळतेय ही." आवाज कापत होता, पण रडण्याने नाही. "एकतीस वर्षं! दरवर्षी दोन तुकड्या! सगळ्या पोरींना चुकीचं शिकवलं मी. आनंद, कागद आहे? पेन आहे? लवकर दे, ढग परत येतील."

मला वाटलं होतं, बाई हात जोडतील, डोळे पुसतील. त्यांना चूक दुरुस्त करायची घाई झाली होती. आनंदच्या वहीत, मान टेकडीकडे ठेवून, हाताने अंदाज घेत त्यांनी ते वळण काढलं. एकदा, मग खोडून पुन्हा. तिसऱ्या वेळी वही माझ्यासमोर धरली. "बरोबर आलंय?"

मी नदीकडे बघितलं, वहीकडे बघितलं. "दुसरी बाजू अजून थोडी उघडी हवी."

त्यांनी ती उघडी केली.

"नाउ हॅपी, ऑर नॉट?" गोह आंटीने विचारलं.

"हॅपी," बाई म्हणाल्या. "नाउ वी गो."

ढिगाऱ्यापाशी परतलो तेव्हा पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. ली गेला नव्हता. बॉनेटवर गरम पाण्याचा थर्मास ठेवून तो वाट बघत उभा होता. बाईंनी त्याला चिनीत काहीतरी सांगितलं. तो हसला, आणि त्याने पहिला कप त्यांना दिला.

त्या संध्याकाळी मी मिलिंदला फोन लावला, पण बोलल्या बाई. मी खोलीबाहेर गेले. सिंगापूरला विमानतळावर तो आला तेव्हा त्याचे डोळे सुजलेले होते. माझ्याशी तो सहा महिने बोलला नाही. मला त्याचा राग कधी आला नाही. मी दिलेला शब्द मोडला होता, आणि मी तो पुन्हाही मोडला असता.

बाईंनी आठवड्याच्या आत कऱ्हाडच्या शाळेला पत्र लिहिलं. म्हणजे त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. सोबत नवा नकाशा. शाळेतल्या नव्या शिक्षिकेचं उत्तर आलं: नकाशा मिळाला, पण पुस्तकात तर वळण तुम्ही पूर्वी काढायचात तसंच आहे, मग बदलायचं कशाच्या आधारावर? बाईंनी एका ओळीचं उत्तर सांगितलं, "मी जाऊन आले आहे."

दीड वर्षाने कडाही अंधुक व्हायला लागल्या. तेव्हा बाईंनी जाहीर केलं की त्या कऱ्हाडला परत जाणार. धाकटी बहीण कुसुम तिथेच होती. मिलिंदने विनवण्या केल्या, मदतीला बाई ठेवतो म्हणाला.

"तुझं घर छान आहे रे," त्या म्हणाल्या. "पण तिथलं मला पाठ आहे. थोडं दिसतंय तोवर जाऊन उजळणी करते. नंतर चाचपडायला नको."

चांगी विमानतळावर आम्ही सगळे गेलो होतो. गोह आंटी सारखी बाईंच्या साडीची निरी नीट करत होती आणि इकडे-तिकडे बघत होती. एअरलाइनची मुलगी व्हीलचेअर घेऊन आली. मिलिंदने ती सांगून ठेवली होती.

"आई, बस ना. प्लीज."

बाईंनी खुर्ची हाताने चाचपली. दांडी, हात ठेवायची जागा, बैठक. मग खांद्यावरची पर्स काढून बैठकीवर ठेवली, त्यावर शाल ठेवली, शालीवर पाण्याची बाटली, आणि स्वतः शेजारी उभ्या राहून खुर्चीच्या हातावर हात ठेवला.

"चल गं," त्या मुलीला मराठीतच म्हणाल्या, आणि मग इंग्रजीत, "आय विल वॉक."

मुलीने मिलिंदकडे बघितलं. मिलिंदने मान हलवली. ती खुर्ची ढकलू लागली आणि काचेच्या दारापलीकडे, त्या लांबलचक गुळगुळीत फरशीवरून, पर्स खुर्चीत बसून आणि निमकरबाई शेजारून चालत, दोघी आत निघून गेल्या.